आभाळाखालची माणसं आणि आवाजाचा प्रश्न

१९२५ साली पडद्यावर आलेल्या 'ग्रास' या मूक अनुबोधपटाचा शेवट मोठा बोलका आहे. मेरियन कूपर, अर्नेस्ट शूडसॅक आणि मार्गरिट हॅरिसन या तिघांनी इराणातल्या बख्तियारी धनगरांबरोबर चाऱ्याच्या शोधातला त्यांचा प्रवास केला आणि तो कॅमेऱ्यात उतरवला. हवा भरलेल्या बकऱ्याच्या कातड्यांवर तराफे बांधून कारून नदी ओलांडणारी माणसं, पोहताना प्रवाहात वाहून जाणारी जनावरं, झर्दकूहच्या बर्फात अनवाणी पायांनी वाट काढणाऱ्या रांगा, पाठीवर बाळ बांधून चढणाऱ्या बाया. पन्नास हजार माणसं आणि पाच लाख जनावरं, असा आकडा चित्रपटातल्या पाट्याच देतात. शंभर वर्षांनंतर आजही ही दृश्यं पाहताना छाती दडपते. पण एवढा डोंगर ओलांडून झाल्यावर पडद्यावर येतो तो एक कागद. बख्तियारी सरदारांच्या सहीचा दाखला. ही खिंड या लोकांबरोबर ओलांडणारे हे पहिलेच परदेशी, असा त्यात मजकूर. ज्या माणसांनी ती खिंड पिढ्यान् पिढ्या दर वर्षी दोनदा ओलांडली त्यांच्या नावाचा कागद नाही. दाखला आहे तो पाहुण्यांचा.

पुढे पन्नास वर्षांनी, १९७६ साली अँथनी हॉवर्थ यांनी त्याच बख्तियारींवर 'पीपल ऑफ द विंड' हा चित्रपट काढला. तोवर ध्वनी आला होता, रंग आले होते. या वेळी टोळीचा म्होरक्या जाफर कुली प्रथमपुरुषी निवेदनातून स्वतःची कहाणी सांगतो. मात्र हा जाफर कुली बोलतो इंग्रजी, आणि त्याच्या तोंडचा आवाज आहे जेम्स मेसन या ब्रिटिश नटाचा. आवाज भारदस्त आहे, ऐकत राहावा असा आहे. पण बख्तियारी माणूस आपल्या मेंढ्यांना हाक कशी मारतो, मुलावर ओरडतो कसा, थकल्यावर काय पुटपुटतो, हे त्या भारदस्तपणाखाली गाडलं गेलं.

निसर्गाच्या सान्निध्यात जगणाऱ्या माणसांवरच्या माहितीपटांचा विचार करताना आम्हाला ही दोन उदाहरणं पहिल्यांदा आठवतात. धनगर, कोळी, मधाचे पोळे काढणारे, माहूत, मिठागरांतले आगरी. कॅमेऱ्याला या माणसांचं पहिल्यापासून वेड आहे. या प्रकारचा आद्य चित्रपट मानला जातो तो रॉबर्ट फ्लाहर्टीचा 'नानुक ऑफ द नॉर्थ' (१९२२). त्याला पैसा पुरवला होता फरचा व्यापार करणाऱ्या कंपनीने. बर्फाचं घर उजेडासाठी अर्धंच बांधलं होतं, आणि बंदूक वापरणाऱ्या माणसांना पडद्यावर भाल्याने शिकार करायला लावलं होतं. नायकाचं खरं नाव नानुक नव्हतंच, अलाकारियालाक होतं. या गोष्टी आता सर्वश्रुत आहेत, त्यावर अधिक लिहिण्यात हशील नाही. आम्हाला छळणारा प्रश्न वेगळा आहे. बनवाबनवी टाळून, खऱ्या माणसांच्या खऱ्या जगण्यावर काढलेल्या चित्रपटातही माणूस हरवतो, तो कसा?

मुस्लिम मराठी वाचकांपुढे हा प्रश्न ठेवण्याला कारण आहे. उघड्या आभाळाखाली राबणाऱ्यांत आपली बिरादरी मोठी आहे. जम्मू-काश्मीरचे गुज्जर-बकरवाल, हिमालयाच्या पायथ्याचे वनगुज्जर, कच्छचे मालधारी, रणातल्या मिठावर राबणारे मियाणा, आपल्या कोकणातले दालदी. पण यांची दोनच चित्रं देशापुढे जातात. एक बातमीतलं. त्यात हा माणूस आधी मुसलमान असतो आणि मग काही जमलं तर धनगर. दुसरं पर्यटन खात्याच्या कॅलेंडरातलं. त्यात तो माणूसच नसतो, डोंगराचा एक भाग असतो. पांढरी दाढी, काळी फिरन, मागे बर्फ. पहिल्या चित्रात त्याचा धर्म मोठा होतो, दुसऱ्यात निसर्ग. त्याचा धंदा, त्याचं कसब, त्याची रोजी दोन्हीत दिसत नाही.

बकरवालांचंच पाहा. उन्हाळ्याच्या तोंडावर जम्मूच्या सखल भागातून निघायचं, पीरपंजालच्या खिंडी ओलांडून उंच कुरणांवर पोचायचं आणि थंडी पडू लागली की त्याच वाटेने परत यायचं. शेकडो किलोमीटरची ही पायपीट दर वर्षी असते. १९९१ साली त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. तरीही उरलेल्या देशाला 'बकरवाल' हा शब्द बहुधा पहिल्यांदा कानावर पडला तो २०१८ साली, कठुआतल्या एका आठ वर्षांच्या पोरीच्या खुनाच्या बातमीतून. तिच्या घरची माणसं कोण, ती पोर घोडी चारायला त्या रानात का गेली होती, त्या रानावर कुणाचा काय हक्क होता आणि त्या हक्कावरून किती वर्षं धुसफूस चालू होती, हे फारच थोड्यांना ठाऊक होतं.

वास्तविक त्याआधीच एक लघुपट या माणसांबरोबर चालत गेला होता. राजा शबीर खान यांचा 'शेफर्ड्स ऑफ पॅराडाइज'. साठाव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत, म्हणजे २०१३ साली, कथाबाह्य विभागात सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून त्याला सुवर्णकमळ मिळालं. दिग्दर्शक काश्मीरचेच. निर्मितीही त्यांचीच, छायाचित्रणही त्यांचंच, भाषा गोजरी आणि उर्दू. पंचाहत्तरीच्या घरातले गफूर आपलं कुटुंब आणि कळप घेऊन डोंगर चढताहेत, एवढाच विषय. आम्हाला त्यात महत्त्वाची वाटते ती भाषा. गोजरी ही वाटेवरची बोली आहे. मेंढीचं वय, गवताची जात, ढगाचा रंग यांना तिच्यात शब्द आहेत. गफूर ती बोली बोलतात तेव्हा ते कुणाचे प्रतिनिधी वाटत नाहीत, जाणकार वाटतात. 'पॅराडाइज' हा शब्द शीर्षकात आहे खरा, आणि काश्मीरसाठी तो पुरता झिजलेला शब्द आहे. पण म्हाताऱ्या पायांनी ती जन्नत चढायची म्हणजे काय, हे दिसू लागलं की शीर्षकातला उपरोध आपोआप जागा होतो. असा चित्रपट सुवर्णकमळ मिळवतो आणि तरीही पाच वर्षांनी बकरवाल कोण हे देशाला माहीत नसतं. हा दोष चित्रपटाचा नव्हे. आपल्याकडे लघुपट पाहायचा कुठे, हाच प्रश्न कधी सुटलेला नाही.

एके काळी तो सुटल्यासारखा वाटत होता. १९४८ साली स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे अनुबोधपट चित्रपटगृहात मुख्य खेळाआधी दाखवणं सक्तीचं होतं. आमच्या वयाच्या वाचकांना ते आठवत असतील. तेवढ्या वेळात अर्धे प्रेक्षक बाहेर बिडी ओढत उभे असत, ही गोष्ट वेगळी. त्या पटांत आदिवासी असत, कोळी असत, धनगर असत. पण बोलत कोण? निवेदक. शुद्ध, घोटीव, आश्वासक सुरात तो सांगे की हे लोक साधेभोळे आहेत, निसर्गाची लेकरं आहेत आणि आता त्यांच्यापर्यंत विकास पोचतो आहे. पडद्यावरच्या माणसाचे ओठ हलताना दिसत, शब्द ऐकू येत नसत. २०२२ साली ही संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. निवेदक मात्र गेला नाही. त्याने रूप बदललं. आता तो बोलत नाही, तो बासरी वाजवतो.

यात अतिशयोक्ती वाटत असेल तर गेल्या पंधरा वर्षांतले असले पाच-दहा लघुपट सलग पाहावेत. पहाटेचं धुकं, संध्याकाळचं सोनेरी ऊन, ड्रोनवरून दिसणारं मुंगीएवढं माणूस आणि त्यावर बासरी किंवा सारंगी. उघड्यावर ध्वनिमुद्रण करणं अवघड असतं, वारा माइकमध्ये घोंघावतो, हे खरं. केसाळ टोपी घालूनही तो पुरता थांबत नाही. मग संगीत ओतून तो झाकायचा. पण धनगराचं आयुष्य त्या वाऱ्यातच जातं. आणि दुपार कुठे गेली? मेंढीची लोकर उतरवणं, पायात रुतलेला काटा काढणं, फॉरेस्ट गार्डशी हुज्जत, व्यापाऱ्याशी घासाघीस, हे सगळं दुपारच्या रखरखीत उजेडात घडतं. तो उजेड कॅमेऱ्याला सुंदर दिसत नाही, म्हणून कामच गाळलं जातं. राहतं ते चालणं आणि बसणं. अशाने माणूस आळशी आणि देवभोळा दिसायला लागतो, आणि पाहणाऱ्याला वाटतं, किती सुखी आहेत हे लोक!

२०२३ च्या ऑस्करमध्ये लघुमाहितीपटाचा पुरस्कार मिळवणाऱ्या कार्तिकी गोन्साल्विस यांच्या 'द एलिफंट व्हिस्परर्स'बद्दल आम्ही हे पूर्णपणे म्हणणार नाही. तमिळनाडूतल्या मुदुमलैच्या जंगलातला तेप्पकाडूचा हत्तीतळ, तिथे पोरक्या पिल्लांना वाढवणारे बोम्मन आणि बेल्ली हे काट्टुनायकन जमातीचं जोडपं, आणि रघू-अम्मू ही दोन पिल्लं. चाळीसेक मिनिटांचा हा पट माया लावणारा आहे. बेल्लींच्या पहिल्या नवऱ्याला वाघाने मारलं. त्यांना जंगलाची भीती वाटते, आणि त्याच जंगलात त्या हत्तीच्या पिल्लाला अंगाखांद्यावर खेळवतात. हे विलक्षण आहे, आणि ते त्या स्वतःच्या भाषेत सांगतात. परंतु चित्रपटात एक क्षण असा येतो की मोठा झालेला रघू वनखात्याच्या निर्णयाने त्यांच्याकडून काढून दुसऱ्याकडे सोपवला जातो. बोम्मन-बेल्ली कोसळतात. आपण रडतो. पण चित्रपट विचारत नाही की हा निर्णय कुणी घेतला, का घेतला, या दोघांना तो कसा कळवला. ते खात्याचे नोकर आहेत का, पगार किती, ज्या जंगलात त्यांचे पूर्वज फिरले तिथे आज त्यांचा अधिकार काय? या प्रश्नांच्या जागी सूर्यास्त येतो. पिल्लू गेलं ते नियतीने नेलं असं वाटत राहतं. नेलं ते एका सरकारी आदेशाने.

त्याच वर्षी पुढे मोबदल्याच्या आश्वासनांवरून बोम्मन-बेल्लींच्या नावे निर्मात्यांना कायदेशीर नोटीस गेल्याची बातमी आली. निर्मात्यांनी आरोप फेटाळले. त्यात खरं-खोटं करण्याचं हे ठिकाण नव्हे. पण ज्याच्या चेहऱ्यावर चित्रपट उभा राहतो त्याच्याशी व्यवहार काय झाला, हा प्रश्न समीक्षेच्या बाहेरचा आहे असं आम्ही मानत नाही. कथा-कादंबरीतलं पात्र लेखकाचं असतं. माहितीपटातलं माणूस ही अमानत असते.

या बाबतीत 'हनीलँड' (२०१९) वारंवार पाहावा असा आहे. तमारा कोतेव्स्का आणि ल्युबोमिर स्टेफानोव यांना उत्तर मॅसिडोनियातल्या एका नदीखोऱ्यावर पर्यावरणविषयक लघुपट करायचा होता. शोधता शोधता त्यांना बेकिर्लिया नावाच्या ओसाड गावात, रस्ता आणि वीज नसलेल्या घरात, आंधळ्या-पांगळ्या आईला सांभाळत राहणारी हातिजे सापडली. हातिजे म्हणजे आपली खदीजाच. तुर्कांच्या तोंडी ते नाव असं झालं. लघुपटाचा विचार बाजूला पडला, तीन वर्षं गेली, चारशेहून अधिक तासांचं चित्रण झालं आणि त्यातून दीड तासाचा चित्रपट उभा राहिला. ऑस्करला माहितीपट आणि आंतरराष्ट्रीय चित्रपट अशी दोन्ही नामांकनं त्याला मिळाली. आम्हाला नामांकनांपेक्षा दुसरी गोष्ट मोलाची वाटते. दिग्दर्शकांना हातिजेची तुर्की येत नव्हती. संकलनाची सुरुवात त्यांनी शब्द न समजता, नुसती दृश्यं बघून केली. म्हणजे त्यांनी आधी पाहिले ते तिचे हात. कड्याच्या कपारीतला दगड सरकवून ती पोळं काढते, मधमाश्यांशी गुणगुणते, अर्धा मध स्वतःला घेते आणि अर्धा त्यांच्यासाठी ठेवते. शेजारी राहायला आलेला हुसेन सात पोरांचा बाप आहे. व्यापाऱ्याच्या घाईपायी तो माश्यांच्या वाटचाही मध काढून विकतो, आणि मग त्याच्या उपाशी माश्या हातिजेच्या पोळ्यांवर तुटून पडतात. एखाद्या बोधपटात हुसेन खलनायक झाला असता. इथे त्याची पोरं, त्याची गुरं, त्याचं कर्ज दिसतं, आणि त्याचा राग येता येता थांबतो.

हातिजे मुसलमान आहे, हुसेनही मुसलमान आहे. चित्रपट ते लपवत नाही आणि मिरवतही नाही. हातिजे बाजारात जाते, मधाचा भाव सांगते, केसांचा रंग विकत घेते. केसांचा रंग! डोक्याला रुमाल बांधणारी पन्नाशीची बाई स्वतःसाठी तपकिरी रंगाची डबी निवडते, हा एक क्षण तिला 'निसर्गकन्या' या पदवीतून कायमचा मोकळा करतो. चित्रपटानंतर दिग्दर्शकांनी तिला दुसऱ्या गावात घर घेऊन दिलं. हीही त्या चित्रपटाचीच एक चौकट म्हणायला हरकत नाही.

निसर्ग म्हणजे जंगल-डोंगरच असतो असं नाही. शौनक सेन यांचा 'ऑल दॅट ब्रीद्स' (२०२२) दिल्लीच्या आभाळाबद्दल आहे. सनडान्सचा सर्वोच्च पुरस्कार आणि कान महोत्सवात माहितीपटाचा 'सोनेरी डोळा' मिळवणारा हा पट लांबीने मोठा आहे, तरी इथे त्याचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. वझिराबादच्या तळघरात नदीम शहजाद आणि मोहम्मद सौद हे भाऊ, मदतीला सलीक. पतंगाच्या मांज्याने पंख कापलेल्या घारींवर ते उपचार करतात. घारीला मांस घातलं की सवाब मिळतो, अडचणी टळतात, ही लहानपणी ऐकलेली समजूत त्यांच्या कामाच्या मुळाशी आहे. पक्ष्यांच्या दवाखान्यात मांसाहारी पक्षी म्हणून घारीला दाखल करून घेतलं नाही, तेव्हा व्यायामशाळेत शिकलेल्या स्नायूंच्या माहितीवर त्यांनी उपचार सुरू केले. श्रद्धेपासून शास्त्राकडे जाणारी ही वाट चित्रपट इतक्या सहजपणे दाखवतो की आमच्याकडच्या प्रबोधनाच्या परिसंवादांत ती एवढी स्वच्छ क्वचितच मांडली गेली असेल.

२०१९ च्या डिसेंबरात नागरिकत्व कायदा आला, २०२० च्या फेब्रुवारीत ईशान्य दिल्ली पेटली. चित्रण चालू असतानाच हे घडत होतं. ते चित्रपटात येतं दूरवरच्या घोषणांमधून, फोनवरच्या आवाजातून, जेवताना निघालेल्या विषयातून. भाऊ मात्र परदेशी देणगीच्या परवानगीची आणि खिमा दळायच्या यंत्राची चिंता करत असतात. काहींना हे पळपुटेपणाचं वाटलं. आम्हाला तसं वाटत नाही. दंगलीच्या दिवसांतही मुसलमान माणसाला रोजचं काम असतं, आणि ते काम दाखवणं म्हणजे त्याला दंगलीच्या चौकटीतून बाहेर काढणं. आमची तक्रार दुसरीच आहे. या घरातल्या बायका जवळजवळ दिसतच नाहीत. आभाळाकडे पाहणारे तिघेही पुरुष. 'ग्रास'मध्ये मूल पाठीशी बांधून बर्फ चढणारी बाई निदान दिसते तरी, बोलत नसली तरी.

आता आपल्या दाराशी येऊ. आनंद पटवर्धन यांचा 'फिशिंग : इन द सी ऑफ ग्रीड' (१९९८) हा पाऊण तासाचा पट मोठ्या कारखानी जहाजांविरुद्ध उभ्या राहिलेल्या मच्छीमारांचा आहे. त्यांनीच सिमंतिनी धुरू यांच्याबरोबर केलेल्या 'नर्मदा डायरी'त (१९९५) मणिबेलीसारखी आपल्या राज्यातली आदिवासी गावं आहेत. या दोन्हींतली माणसं समुद्राची किंवा नदीची लेकरं म्हणून येत नाहीत. ती हिशेब विचारणारे नागरिक म्हणून येतात. मात्र लढ्याच्या चित्रपटाचीही एक मर्यादा असते. मोर्चातलं माणूस दिसतं, मोर्चा नसलेल्या दिवशी ते काय करतं ते राहून जातं.

रत्नागिरीच्या राजिवड्यावर, मिरकरवाड्यावर नाखवा आहेत, तांडेल आहेत, खलाशी आहेत. उधाण आणि भांग, मतलई वारा, पाण्याचा बदललेला रंग यांचं जे ज्ञान या कोकणी मुसलमानांकडे आहे ते त्यांच्या बोलीत आहे. छापील मराठीत नाही, उर्दूत तर नाहीच. पर्ससीन जाळ्यांवर २०१६ साली निर्बंध आले, त्यावरून किनाऱ्यावर मोठे आणि छोटे असे दोन तट पडले. त्या तटांची रेषा मशीद आणि देवळावरून जात नाही, बोटीच्या आकारावरून जाते. पंचवीस-तीस मिनिटांच्या लघुपटाला यापेक्षा चांगला विषय कोणता हवा? आमच्या पाहण्यात तो अजून आलेला नाही. किनाऱ्यावरच्या पोरांच्या हातात आज मोबाइलचे कॅमेरे आहेत. ती लाटांचे, सूर्यास्ताचे तुकडे काढतात आणि त्यावर गाणं लावतात. म्हणजे बासरीवाला निवेदक त्यांच्याही घरात शिरला आहे.

यातल्या एखाद्या मुलाने किंवा मुलीने खरंच असा पट काढायला घेतला, तर आमचं सांगणं थोडं आहे. वारा आला तर येऊ द्यावा. लिलावाची दुपार पुरती घ्यावी, बोली लागते तेव्हा खरेदीदाराचा चेहरा आणि नाखव्याचा चेहरा दोन्ही घ्यावेत. मासळी निवडायला, सुकवायला बसलेल्या बायांना आधी विचारावं आणि मग कॅमेरा लावावा. आजोबांना "जरा शुद्ध बोला" असं म्हणू नये. ते बोलतील तसंच राहू द्यावं. चिपळूणपलीकडच्या प्रेक्षकाला समजलं नाही तर पडद्याखाली मराठी अक्षरं देता येतात.